बंब, जळण आणि धूर

कोल्हापुरात घर तापवायची गरज तशी कुणालाच पडत नाही. थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतले पाच-सहा आठवडे, पहाटेचा पारा 14-15 अंशांवर, एखाद्या वर्षी त्याच्याही थोडा खाली. स्वेटर, घोंगडं आणि चौकात पेटवलेली शेकोटी एवढ्यावर आपलं भागतं. घरातली एकच खोली खरोखर तापवली जायची, ती म्हणजे बाळंतिणीची. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा-शेपाची धुरी, दारं-खिडक्या बंद. तेवढं सोडलं तर घर गरम ठेवायला वेगळी भट्टी लावावी असं आपल्या वाडवडिलांच्या मनात कधी आलं नसणार.

आपल्याकडे तापवायचं ते पाणी. आणि त्यासाठी मात्र आपल्या लोकांनी घराबाहेर एक छानपैकी भट्टी बसवली होती. तिचं नाव बंब.

आता बंब म्हटल्यावर चाळिशीच्या पुढच्या मंडळींच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव येतो. तांब्याचा लालबुंद बंब, परड्यातली न्हाणी, धुराचा वास असलेलं कढत पाणी, दिवाळीची पहिली अंघोळ... या आठवणींवर आजवर भरपूर लिहून झालंय आणि ते वाचायला मलाही आवडतं. पण बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय. या आठवणी सांगणारे जवळजवळ सगळे जण पाणी अंगावर घेणारे आहेत. बंब पेटवणारं माणूस त्यात क्वचितच बोलतं. म्हणून म्हटलं, एकदा बंबाचा इतिहास जळणाच्या बाजूने लिहून बघावा.

आधी ज्यांनी बंब पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडं. बंब म्हणजे तांब्याच्या पत्र्याचा, कमरेएवढा उंच, पिंपासारखा गोल हंडा. त्याच्या बरोबर मधून एक नळा वरपासून खालपर्यंत जातो. नळ्याच्या तळाशी लोखंडी जाळी. वरून नळ्यात लाकडाचे बारके तुकडे, कोळसा, करवंट्या टाकायच्या आणि पेटवायचं. राख जाळीतून खाली पडते, खालूनच हवा शिरते, धूर वर निघून जातो. नळ्याच्या चारी बाजूंनी पाणी. म्हणजे विस्तव पाण्याच्या पोटात असतो. बाजूला पितळी तोटी, वर पाणी ओतायला तोंड आणि त्यावर झाकण. नियम एकच, बंब कोरडा पडू द्यायचा नाही. आतलं पाणी संपलं आणि विस्तव तसाच राहिला तर डाग दिलेले सांधे सुटतात आणि बंब गळायला लागतो.

साध्या चुलीवर हंडा ठेवला की जाळ हंड्याच्या बुडाला चाटून बाजूने निघून जातो. निम्म्याहून जास्त उष्णता परड्यातल्या हवेला मिळते. बंबात जाळाला पाण्याला शिवल्याशिवाय बाहेर पडायला वाटच नाही. शिवाय तांबं हे उष्णता पोचवण्यात लोखंडाच्या कितीतरी पुढे. जुन्या लोकांनी उष्णतेचं शास्त्र पुस्तकात वाचलं नव्हतं, पण तांबटाला हे हाताने माहीत होतं. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी बंबांसाठी प्रसिद्ध होती. पत्रा ठोकून गोल करायचा आणि हातोडीचे ठोके एकाशेजारी एक असे मारत जायचे, त्या मठारकामाने पत्रा कडक होतो आणि वर ती चमकदार खवल्यांची नक्षी उमटते. दिसायला शोभा, पण मूळ हेतू मजबुतीचा.

हीच रचना जगात दुसरीकडेही आहे. रशियातला समोवार म्हणजे चहाचा छोटा बंबच. मध्ये नळा, भोवती पाणी, खाली तोटी. तुला नावाच्या गावात 1778 साली समोवारचा पहिला कारखाना निघाल्याचं सांगतात. काश्मिरातला समावारही त्याच जातीचा. कुणी कुणाकडून घेतलं हा वाद मी घालत नाही. सगळ्यांना एकच अडचण होती, जळण महाग आहे आणि पाणी गरम हवंय. तिला सुचलेलं हे एक चांगलं उत्तर.

नावाचीही गंमत आहे. बंब हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप, यावरून आला असं मानतात. म्हणून आग विझवायला येतो तोही बंब आणि पोटात आग घेऊन परड्यात उभा असतो तोही बंबच! पुढे त्याची जागा घेणाऱ्या गिझरचं नाव तर आणखी लांबून आलंय. आइसलंडमध्ये 'गेसिर' नावाचा गरम पाण्याचा झरा आहे. त्याचं नाव 1868 साली लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन याने आपल्या पाणी तापवायच्या यंत्राला दिलं. म्हणजे आपल्या न्हाणीत एकामागून एक पोर्तुगीज आणि आइसलंडी पाहुणे येऊन गेले, आणि आपण दोघांनाही घरचंच म्हटलं.

असो. मुद्दा जळणाचा.

कोल्हापुरात सरपण हा शब्द कमी, जळण जास्त. 'जळणकाटूक' म्हटलं की त्यात सगळं आलं. स्वयंपाकाच्या चुलीला मान होता. ती सारवायची, तिला पाय लावायचा नाही, तिच्यात वाटेल ते जाळायचं नाही, कारण वर भाकरी आहे, दूध आहे. परड्यातल्या बंबाला असं काही सोवळं नव्हतं. त्याला सगळं चालायचं. नारळाच्या करवंट्या, शेंड्या, तुराट्या, भुईमुगाची टरफलं, सुताराकडच्या ढलप्या, उसाची चिपाडं, मोडक्या खुर्चीचा पाय. घरातलं जे जळू शकतं आणि ज्याचा दुसरा उपयोग संपलाय ते सगळं शेवटी बंबाच्या नळ्यात. आणि बंबाची राख भांडी घासायला, उरलेली परड्यातल्या केळीच्या बुडाशी.

पण अशा सटरफटरवर रोजचं भागत नाही. त्यासाठी वखार. लाकडाच्या वखारीत दोन प्रकारचा माल असायचा. चुलीसाठी मोठी फोड आणि बंबासाठी बारीक केलेलं 'बंबफोड'. एवढ्याशा नळ्यासाठी लाकडाची वेगळी जात बाजारात तयार झाली होती, यावरून बंब किती घरांत होते याचा अंदाज यावा. वखारीतला मोठा लाकडी तराजू, मणाची वजनं, ओलं लाकूड वजनाला भरतं म्हणून गिऱ्हाइकाने केलेली तक्रार, आणि 'वाळलेलंच हाय, बघा की वाजवून' हे ठरलेलं उत्तर. दोन फोडी एकमेकींवर आपटल्या की वाळलेलं लाकूड टणटण वाजतं, ओलं नुसतं बद्द. मला ही परीक्षा आजही येते, पण आता तिचा उपयोग नाही.

कोल्हापूर जिल्ह्याची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जाते, आणि जळणही तसंच बदलत जातं. पश्चिमेला शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी म्हणजे सह्याद्रीचं जंगल आणि धो धो पाऊस. तिकडे लाकूड. पूर्वेला हातकणंगले, शिरोळ म्हणजे काळी रानं आणि ऊस. तिकडे चिपाडं, पाचट आणि शेणी. शेणी म्हणजे पुणेकरांच्या गोवऱ्या. शेणीचं आणि कोल्हापूरचं नातं आजही तुटलेलं नाही. पंचगंगेच्या स्मशानात दहनाला शेणीच लागतात आणि होळीच्या सुमारास पेठापेठांतून शेणीदान होतं. होळीत जाळण्यापेक्षा तिथे द्या, असं आवाहन करतात आणि लोक खरोखर देतात.

पश्चिमेकडचं लाकूड मात्र हळूहळू हाताबाहेर गेलं. संस्थानच्या काळात दाजीपूरचं रान हे राजांच्या शिकारीचं होतं. 1958 साली तिथे गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झालं आणि 1985 साली त्याची हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं. जंगल राहिलं ही आपली भाग्याचीच गोष्ट. ते नसतं तर पंचगंगेचं पाणी काय झालं असतं कुणास ठाऊक. पण त्या रानातून मोळी आणणाऱ्या बाईच्या बाजूने बघितलं तर तिची वाट लांबली, एवढंच तिला कळलं असणार.

आता जरा हिशोब करू. कंटाळा येईल, पण थोडा वेळ सहन करा. 20 लिटरची बादली, पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायचंय. त्याला 500 किलोकॅलरी लागतात. एक किलो वाळलेल्या लाकडात ढोबळमानाने 4000 किलोकॅलरी असतात. म्हणजे सगळी उष्णता पाण्याला मिळाली तर एका बादलीला सव्वाशे ग्रॅम लाकूड पुरेल. पण उघड्या चुलीत दहातला एखादाच भाग पाण्यापर्यंत पोचतो. म्हणजे बादलीला सव्वा किलो. सहा माणसांच्या घराला रोज साडेसात किलो. डोक्यावरची एक मोळी 20-25 किलोची धरली तर ती तीन दिवसांत संपली, तीही फक्त अंघोळीला. स्वयंपाक वेगळाच. बंबाने हे निम्म्यावर आणलं असं धरलं तरी आठवड्याला एक मोळी लागणारच.

ती मोळी कुणीतरी तोडलेली असते, कुणीतरी चार-पाच कोस डोक्यावरून आणलेली असते. शहरात ती विकत मिळायची म्हणून आपल्याला फक्त पैसे दिसायचे. माझ्या लहानपणी, म्हणजे 1970च्या दशकात, मोळीवाल्या बायका पेठेत यायच्या. आज्जी त्यांना आधी पाणी द्यायची, मग भावाची घासाघीस. ती घासाघीस मात्र जोरात असायची, पाणी दिलं म्हणून त्यात काही सूट नव्हती!

पावसाळा आला की जळणाचं खरं रूप कळायचं. मृगाच्या आधी माळ्यावर, गोठ्यात, जिन्याखाली जिथे जागा मिळेल तिथे जळण रचून ठेवायचं. तेवढी बेगमी झाली नाही तर जुलैत ओली लाकडं आणि फुंकणी. ओलं लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं. बरीच उष्णता त्याच्याच पोटातलं पाणी आटवण्यात जाते आणि उरलेल्याचा धूर होतो. कोल्हापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना जुलैतल्या पहाटेची न्हाणी सांगायला नको. वर पत्रा, त्यावर पावसाचा ताशा, खाली डोळे पुसत बसलेली आज्जी. आणि आतून कुणाचा तरी आवाज, "बंब पेटला न्हाई व्हय अजून?"

लाकडाला पर्याय शोधायचे प्रयत्नही खूप झाले. लाकूड कापायच्या गिरण्यांतून भुसा फुकटात किंवा चार पैशांत मिळायचा, म्हणून भुशाची शेगडी आली. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा गच्च ठोकायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि त्या भोकात पेटवायचं. दोन-अडीच तास एकसारखी जळायची. ती ठोकणं हे मुलांचं काम आणि त्यात भांडणं ठरलेली. रॉकेलचा स्टोव्ह होताच. तो स्वीडनमध्ये 1892 साली निघाला आणि 'प्राइमस' या नावाने आपल्या घराघरांत पोचला. पण रॉकेल रेशनवर. ते अंघोळीला जाळणं म्हणजे चैन.

घराबाहेरची भट्टी म्हटल्यावर कोल्हापूरकराला बंबाच्याही आधी आठवतं ते गुऱ्हाळाचं चुलवाण. त्याच्याबद्दल न बोलता पुढे गेलो तर गाववाले मला वाळीत टाकतील. जमिनीत खोदून बांधलेली भट्टी, तिच्यावर भली मोठी काहील, एका बाजूला जळण घालायचं तोंड, दुसऱ्या बाजूला उंच धुराडं. घाण्यातून रस काढला की उरलेली चिपाडं अंगणात पसरून उन्हात वाळवायची आणि चुलवाणात घालायची. उसाचा रस उसाच्याच चिपाडांवर आटतो! एक टन उसाला साधारण शंभर किलो गूळ निघतो, बाकी जवळजवळ सगळं पाणी हवेत उडवायचं असतं. तेही बाहेरचं लाकूड फारसं न आणता. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा चव, रंग, माती, पाणी या सगळ्याची चर्चा झाली. चुलवाणासमोर दिवसभर बसून चिपाडाच्या मुठी आत सारणाऱ्या माणसाबद्दल कुणी फारसं बोललं नाही. जाळ कमी पडला तर गूळ जमत नाही, जास्त झाला तर करपतो. गुळव्याचं नाव होतं, जाळ घालणाऱ्याचं होत नाही. इथेही तेच.

म्हणजे बंब काय किंवा चुलवाण काय, भट्टी घराबाहेर ठेवण्यात शहाणपण होतं. धूर घरात नको, आगीची भीती नको, राख-कचरा बाहेरच्या बाहेर. पण त्यासाठी परडं लागतं. ज्याच्या घराला मागे परडं होतं त्याचा धूर आभाळात गेला. एका खोलीत संसार असलेल्याचा धूर घरातच राहिला, त्याच चुलीवर आधी पाणी, मग भाकरी. त्यामुळे 'आमच्याकडे बंब होता' या वाक्यात 'आमच्याकडे परडं होतं' हेही आलं, आणि 'तांब्याचा बंब घेण्याइतके पैसे होते' हेही.

आणि बाहेर गेला म्हणून धूर नाहीसा थोडाच होतो? थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वर थोडी उबदार, त्यामुळे धूर वर चढतच नाही. पेठेतले पन्नास-साठ बंब एकदम पेटले की सकाळी सहाला बोळात निळसर पडदा धरायचा. आम्ही त्याला धुकं म्हणायचो. रंकाळ्यावर असायचं ते खरं धुकं, बोळातलं मात्र शेजारणीच्या बंबाचं.

याचं आजचं उदाहरण बघायचं तर थेट अमेरिकेत जावं लागेल, कारण आपला बंब तिकडे भलताच मोठा होऊन उभा आहे. उत्तरेकडच्या थंड राज्यांत, गावाबाहेरच्या घरांच्या मागे, पत्र्याच्या खोपटासारखी एक भट्टी असते. आत लाकडं जळतात, भोवती पाण्याचा कप्पा, आणि ते गरम पाणी जमिनीखालच्या नळातून पंपाने घरात जाऊन खोल्या तापवतं. विस्तव आत, पाणी भोवती, भट्टी घराबाहेर. ओळखीचं वाटतं ना? तेल महागलं तसं हे प्रकरण वाढलं. फायदेही तेच, धूर-राख घराबाहेर, स्वतःच्या रानातलं लाकूड, तेलाच्या किमतीची चिंता नाही. आणि खोडही तेच. पाणी पुरेसं तापलं की भट्टीची हवा आपोआप बंद होते आणि लाकूड धुमसत राहतं. धुराडं बुटकं. धूर शेजाऱ्याच्या खिडकीत. तक्रारी इतक्या झाल्या की 2015 साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने या भट्ट्यांच्या धुरावर देशभर मर्यादा घातली आणि 2020 पासून ती आणखी कडक केली. पैसेवाल्या देशातही धूर घराबाहेर ढकलल्याने प्रश्न सुटला नाही, फक्त एका कुंपणावरून दुसऱ्या कुंपणात गेला.

घरातल्या धुराचं मोजमाप मात्र उशिरा झालं. कर्क स्मिथ नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ 1980च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतल्या खेड्यांत चुलीसमोरच्या बायकांच्या श्वासात काय जातं ते मोजत होते. तोवर हवेचं प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी असंच जग समजत होतं. 2020 या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात 32 लाख मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. धूर नको हे आपल्याकडच्या लोकांना त्याआधीच कळलं होतं, नाही असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत 1940च्या दशकात 'मगन चूल' तयार झाली. 1980च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा देशभर कार्यक्रम काढला आणि 2002 साली तो गुंडाळला. पुण्याच्या 'आरती' या संस्थेला डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने शेतात जाळून टाकतात त्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याबद्दल 2002 साली लंडनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. उसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं आहे.

सरकारी निर्धूर चुली का टिकल्या नाहीत याची कारणं बरीच सांगतात. धुराडी तुंबली, दुरुस्तीला कुणी आलं नाही, लांब लाकूड मावेना. मला वाटतं त्यात एक कारण असंही असावं की चूल कशी असावी हे ठरवणारे आणि चुलीपुढे बसणारे वेगळे होते. बंब मात्र कुठल्याही योजनेशिवाय टिकला, कारण तो माणसांनी आपल्या गरजेतून घेतला होता.

मग तो गेला कसा?

आधी स्वयंपाकघरात गॅस आला. 1970-80च्या दशकांत गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. सिलिंडर मिळाला की तो जपून वापरायचा, अंघोळीच्या पाण्याला तर मुळीच नाही. त्यामुळे स्वयंपाकाची चूल विझली तरी परड्यातला बंब आणखी पंधरा-वीस वर्षं जळत राहिला. घरातला सगळ्यात शेवटचा विस्तव न्हाणीतला. मग विजेचं गिझर, मग गच्चीवर सौर पाणी तापवायची नळकांडी. वाडे पडून अपार्टमेंट झाले आणि परडंच गेलं. बंब मोडीत निघाले. तांब्याला भाव होता, तेव्हा ते वाईट किमतीला गेले नाहीत. काही हॉटेलांच्या दारात शोभेला उभे आहेत, नळ्यात प्लॅस्टिकची फुलं खोचून.

गावाकडे मात्र हा विस्तव अजून आहे. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, गावोगाव सिलिंडर पोचले आणि स्वयंपाकघरातला धूर कमी झाला. पण करवीर-पन्हाळ्याच्या कुठल्याही गावात सकाळी सहाला जा. घरात गॅसवर चहा उकळत असतो आणि दारात तीन दगडांवर पाण्याचा हंडा असतो, खाली पाचट नाही तर तुराट्या. सिलिंडर पैशाने येतो, पाचट रानातून फुकट येतं. फुकट म्हणजे काय, तर आणणाऱ्या बाईच्या वेळेचा हिशोब कुणी मांडत नाही.

आमच्या घरातला बंब बंद झाला तो 1990च्या सुमारास. घरातल्या पुरुषांचा मोठा विरोध होता. गिझरच्या पाण्याला 'ती मजा' नाही, वीजबिल येईल, तांब्यातलं पाणी आरोग्याला चांगलं, वगैरे. आज्जी सगळं ऐकून घेत होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मग उद्यापास्नं तुमी पेटवा की. म्या काय नको म्हन्ते?" दुसऱ्या आठवड्यात गिझर बसला. तेव्हा तिचं वय सत्तरीच्या आसपास होतं आणि लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे पन्नासेक वर्षं, ती रोज पहाटे साडेचारला उठत होती. आजारपण, बाळंतपण आणि माहेरची चार दिवसांची रजा सोडली तर खाडा नाही. तिचा खोकला आम्ही इतका गृहीत धरला होता की तो थांबल्यावर घर सुनं वाटलं असतं. तो थांबला नाहीच, शेवटपर्यंत होता. डॉक्टरांनी विचारलं होतं, "आज्जी, तंबाखू ओढत होता का?" तिला हसूच आवरेना.

म्हणून कुणी 'बंबाच्या पाण्याची सर गिझरला नाही' म्हणालं की मी मान डोलवतो, कारण ते खरंच आहे. धुराचा तो मंद वास, विसण घालून बेताचं केलेलं पाणी, दिवाळीला चुन्या-कावेचे पट्टे ओढलेला आणि झेंडूची माळ घातलेला बंब, हे सगळं खरं आहे. फक्त ते सुख कुणाच्या तरी पहाटेवर तापलेलं होतं, हेही त्यासोबत सांगावं असं वाटतं. आपण म्हणतो जळण संपलं, जंगल गेलं, म्हणून बंब गेला. माझ्या मते लाकूड तर आजही मिळेल, पण पेटवणारी बाई आता नोकरीला जाते, नाही तर पहाटे साडेसहापर्यंत झोपते, आणि दोन्ही चांगलंच आहे.

बंब आम्ही विकला नाही. त्याचा उपयोग पुढे एकदा झालाही. ऑगस्ट 2019च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, शहराला पाणी उपसून देणारी केंद्रं बुडाली, वीज गेली, पेट्रोल मिळेना, सिलिंडरची गाडी कुठून येणार? त्या चार दिवसांत शेजारच्या वाड्यातल्या आडाचं पाणी काढलं आणि जुन्या कपाटाच्या फळ्या फोडून बंब पेटवला. आमच्याकडे आणि आजूबाजूला पुरातून आलेली माणसं उतरली होती, त्यात एक बाळंतीण आणि तिचं तान्हं. त्या बाळाची अंघोळ बंबाच्या पाण्याने झाली. बायको आणि मी आळीपाळीने पेटवत होतो. चार दिवसांतच माझे डोळे सुजले.

पाणी ओसरलं, वीज आली, आणि बंब चिंच लावून घासून पुन्हा माळ्यावर गेला. तिथेच असू दे. पन्नास वर्षं रोज तो पेटवावा लागू नये, आणि चार दिवसांच्या अडचणीला हाताशी असावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

तुमच्याही घरी कधीकाळी बंब असेल. पाणी कसं होतं ते आठवतच असेल. तो कोण पेटवायचं, किती वाजता उठून, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून बघा. सांगणारं माणूस आहे तोवर विचारलेलं बरं.